बरोबरीचा सवंगडी

सांगलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "आमच्या घरात लहानमोठी मिळून अकरा माणसे आहेत. मुलगा सव्वादोन वर्षांचा. घरात दिवसभर बडबडतो, आजोबांच्या खांद्यावरून खाली उतरत नाही. परंतु शेजारचे त्याच्याच वयाचे मूल आले, की एकतर माझ्यामागे दडतो, नाहीतर त्या मुलाच्या हातातले हिसकावून घेतो. परवा तर चावला. सासूबाईंना वाटते, मुलगा माणूसघाणा निघणार. मुलाचे वडील म्हणतात, बालवाडीत घालू, चार मुलांत आपोआप माणसाळेल. मी काय करावे?"

पत्रातला शेवटचा प्रश्न आम्ही शेवटीच घेऊ. प्रथम त्यातील 'अकरा' ह्या आकड्याविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. अकरा माणसांत वाढणारे मूल माणूसघाणे कसे निघेल, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. एकत्र कुटुंबाचा आपणांस जो अभिमान आहे, त्यात हा एक ठेवणीतला मुद्दा असतो, की आमच्या मुलांस सोबत शोधावी लागत नाही. आम्हीही तो अनेकदा आणि बऱ्यापैकी मोठ्या आवाजात मांडला आहे. पण ही अकरा माणसे एकदा जवळून पाहावीत. आजोबा चेंडू मुद्दाम हुकवितात. काका घोडा होतो. आजीच्या ताटातला पहिला घास त्याचा असतो. दहा-अकरा वर्षांची चुलत बहीण त्याच्याशी खेळते ती त्याची आई होऊन. लपाछपीत पडद्याखाली त्याचे दोन्ही पाय दिसत असतानाही तो तिला बराच वेळ सापडत नाही. ही सारी माया खरी आहे आणि ती मुलास हवीही आहे. परंतु ह्या अकरा जणांत त्याच्याएवढ्या उंचीचा, त्याच्याएवढ्या हट्टाचा आणि त्याच्यापुढे न वाकणारा असा एकही नाही. घरात माणसे अकरा, बरोबरीचा शून्य. आपल्याला जे हवे, तेच, त्याच क्षणी, तितक्याच जोराने दुसऱ्या कोणास हवे असू शकते, ही वार्ता त्यास प्रथम शेजारच्या मुलाकडूनच कळते. ती ऐकून तो बावचळला, तर त्यात माणूसघाणेपणा कोठे आला?

तेव्हा त्यास बरोबरीचा सवंगडी हवा, हे उघड आहे. पण तो मिळाल्यावर दोन वर्षांचे मूल त्याच्याशी काय करील, ह्याविषयी आपल्या अपेक्षा फार चुकीच्या असतात. आपण दोघांस समोरासमोर बसवितो आणि म्हणतो, "हं, खेळा आता!" ती खेळत नाहीत, मग आपण निराश होतो.

१९३२ साली मिल्ड्रेड पार्टन ह्या अमेरिकन संशोधिकेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या खेळाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोकळ्या खेळाच्या वेळी एका वेळी एकाच मुलाकडे मिनिटभर पाहावयाचे आणि ते कोणाबरोबर व कसे खेळते आहे ते टिपून ठेवावयाचे, अशी तिची साधी रीत होती. काही मुले दुसऱ्यांचा खेळ नुसती पाहत उभी असतात. काही एकटी खेळतात. काही दुसऱ्याच्या शेजारी बसून तसल्याच वस्तूंनी, परंतु आपापले खेळतात. आणि काम वाटून घेऊन, एकमेकांचे ऐकून खरोखर मिळून खेळणारी मुले बहुधा मोठी असतात, असे तिला आढळले. ह्यातला जो शेजारी बसून खेळण्याचा प्रकार, त्यास समांतर खेळ म्हणतात, आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलांचा मुख्य सामाजिक व्यवहार तो हाच. बांधकामाच्या वाळूवर दोन लहान मुले बसलेली कोणीही पाहिली असतील. एक वाटी भरतो, दुसरा डबा भरतो. दोघांची पाठ एकमेकांकडे. तासाभरात शब्दाची देवघेव नाही. आपणांस वाटते, ह्यांना एकमेकांचे अस्तित्वच ठाऊक नाही. पण त्यातला एक उठून घराकडे निघाला, की दुसऱ्याचा डबा तेथेच उपडा होतो आणि तोही उठतो. मैत्रीचा आरंभ आहे तो. पुढे १९८० मध्ये बेकमन आणि ब्राउनली ह्या अभ्यासकांनी दाखविले, की ह्या शेजारी बसण्याचा मुले पुलासारखा उपयोग करतात. दुसऱ्याच्या खेळात शिरण्याआधी क्षणभर त्याच्या बाजूला तसलेच काहीतरी करीत बसतात आणि मग हळूच आत जातात. आपल्या घरी असे दोघे बसलेले दिसले, तर "अरे, दोघे मिळून किल्ला करा ना!" असे कृपा करून म्हणू नये. त्यांचे चालले आहे ते ठीक चालले आहे.

आता हिसकावण्याकडे वळू. 'माझं' हा शब्द मुलाच्या तोंडी येऊ लागला, की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. 'मी'पणा लहानपणीच मोडावा, असे आपले संस्कार सांगतात. परंतु ह्या वयात तो 'मी' नुकता कोठे सापडलेला असतो. १९७२ साली ब्यूला अॅम्स्टरडॅम ह्या संशोधिकेने मुलांच्या नाकावर त्यांच्या नकळत रंगाचा ठिपका लावून त्यांस आरशापुढे ठेवले. अगदी लहान मुले आरशातल्या 'दुसऱ्या' बाळाशी खेळू लागली. दीड-दोन वर्षांच्या सुमाराची मुले मात्र स्वतःच्या नाकास हात लावू लागली. हा प्रयोग कुंकवाच्या बोटाने कोणत्याही घरात करून पाहता येईल. ज्यास आपले नाक आपले आहे हे परवा कळले, त्याने बैलगाडी आपली आहे हे आज ओरडून सांगितले, तर तो स्वार्थी झाला असे नव्हे. त्याच सुमारास दुसऱ्याचे मनही त्यास थोडेथोडे दिसू लागते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला रेपाचोली आणि गॉपनिक ह्यांचा प्रयोग ह्या बाबतीत फार गमतीचा आहे. मुलासमोर खारी बिस्किटे आणि कच्ची ब्रोकोली ठेवली. बाईंनी बिस्किट तोंडात घालून नाक मुरडले आणि ब्रोकोली मिटक्या मारीत खाल्ली. मग हात पुढे करून आणखी मागितले. चौदा महिन्यांच्या मुलांनी बहुधा स्वतःस आवडणारे बिस्किटच देऊ केले. अठरा महिन्यांच्या मुलांनी मात्र बाईंना ब्रोकोली दिली! म्हणजे दुसऱ्यास आपल्याहून निराळे हवे असते, हे त्यास कळू लागते. निराळे हवे असते तेव्हा देणे सोपे. तेच हवे असते तेव्हा देणे कठीण. मोठमोठ्या इस्टेटींच्या वाटण्या पाहिलेल्या वाचकांस हे अधिक समजावून सांगावयास नको.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे दूरचे नातेवाईक आले होते. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा आमच्या दोन वर्षांच्या नातवाच्या सावंतवाडीच्या लाकडी बैलगाडीसाठी हटून बसला. नातू देईना. दिवाणखाना माणसांनी भरलेला. आम्ही म्हटले, "दे बरं त्याला. शहाणा ना तू?" तो तरीही देईना, तेव्हा आम्ही ती त्याच्या हातून काढून घेतली आणि पाहुण्याच्या हाती ठेवली. निघताना तो मुलगा गाडी सोडीना, तेव्हा आम्हीच मोठ्या मनाने म्हणालो, "असू द्या, घेऊन जाऊ द्या, आमच्याकडे पुष्कळ आहेत." पाहुण्यांनी आमच्या घराचे वळण वाखाणले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. एकत्र कुटुंबात सुनेने काही न बोलणे हेही एक बोलणेच असते, ते ऐकावयास आम्हांस फार वेळ लागला.

त्यानंतर कित्येक महिने दाराची घंटा वाजली, की आमचा नातू आपली खेळणी दोन्ही हातांनी कवटाळून आजोबांच्या खाटेखाली जाऊन बसे. घरच्यांस वाटले, हा लाजू लागला आहे. एके दिवशी सूनबाईच म्हणाल्या, "तो माणसांना भीत नाही. आपण त्याची वस्तू देऊन टाकू, ह्याला भितो." आम्ही पुढे सावंतवाडीहून हुबेहूब तशी दुसरी गाडी मागविली. त्याने ती फिरवून पाहिली आणि "ही नाही" असे म्हणून ठेवून दिली. उदारपणाचे नाव आमचे झाले; ते आम्ही त्याच्या गाडीच्या मोलाने घेतले होते.

ह्यावर कोणी विचारील, की मग मुलास देण्याचे शिकवावयाचेच नाही काय? आम्हांस वाटते, देण्याची इच्छा शिकवावी लागत नाही. ती दडपली जाणार नाही एवढे पाहावे लागते. वार्नकेन आणि टोमासेलो ह्यांनी २००६ मध्ये दाखविले, की दोरीवर कपडे घालताना अनोळखी माणसाच्या हातून चिमटा पडला आणि तो त्याच्या हातास येईना, तर अठरा महिन्यांची बहुतेक मुले आपण होऊन उठतात आणि तो उचलून देतात. कोणी सांगितलेले नसते, कोणी शाबासकी देत नसते. पुढे २००८ मध्ये त्यांनीच आणखी एक गोष्ट पाहिली : अशा मदतीबद्दल ज्या मुलांस बक्षीस दिले, ती नंतर मदत करण्यास कमी पुढे आली, ज्यांस नुसते 'छान' म्हटले किंवा काहीच म्हटले नाही, त्यांचा उत्साह मात्र टिकून राहिला. "त्याला चेंडू दिलास तर चॉकलेट देईन" ह्या वाक्याचा हिशेब वाचकांनी ह्यावरून करावा.

आता एक नाजूक विषय. घरात दोन जावांची मुले जवळजवळ एका वयाची असली, म्हणजे बरोबरीचा सवंगडी घरातच मिळाला असे वाटते; आणि मिळतोही. परंतु तेथे मुलांचे भांडण मुलांपुरते राहत नाही. एकाने ओढले, दुसरा रडला, की स्वयंपाकघरातून एक आई, माजघरातून दुसरी, आणि निवाड्यास आजी, अशी सभा भरते. "तुझाच नेहमी पुढे असतो" हे वाक्य मुलास उद्देशून उच्चारलेले नसते. मुले पाच मिनिटांत एका पाटावर बसून चुरमुरे खातात; जावांचा अबोला चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत चाललेला आम्ही पाहिला आहे.

ह्या बाबतीत एक फार करुण हकिकत आठवते. १९४५ साली तेरेझिनच्या नाझी छळछावणीतून सुटलेली तीन ते चार वर्षांची सहा अनाथ मुले इंग्लंडात आणण्यात आली. त्यांच्या आईबापांस हिटलरच्या राजवटीने मारले होते. अॅना फ्रॉइड आणि सोफी डान ह्यांनी त्यांचा वृत्तांत १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या माणसांस ही मुले प्रथम मारीत, चावत, त्यांच्यावर थुंकत. परंतु आपसांत त्यांची माया अशी, की एकास क्षणभर दूर नेले तरी बाकीची अस्वस्थ होत. एकास खाऊ मिळाला, की तो इतरांस मिळाला ना, ह्याची त्यास आधी काळजी. हेवा त्यांच्यात जवळजवळ दिसलाच नाही. ज्याच्या लक्षासाठी भांडावे असे मोठे माणूसच त्यांच्या आयुष्यात नव्हते. असे दुर्दैव शत्रूच्याही मुलांवर न येवो. पण आपल्या भरल्या घरातील मुलांची निम्मी भांडणे खेळण्यासाठी असतात, की प्रेक्षकांसाठी, हा विचार ह्या हकिकतीने आमच्या मनात कायमचा आला. तेव्हापासून आमच्या घरी असा रिवाज पडला आहे, की मुले खेळत असता एकाच मोठ्या माणसाने जवळ बसावे, आणि शक्य तर ते दोघांपैकी कोणाचीच आई नसावी. बाकीच्यांनी आवाज आला तरी आपापले काम सोडू नये. बसणाऱ्याने निवाडा करू नये. "तुलाही गाडी हवी, ह्यालाही हवी, गाडी एक आहे" एवढे सांगून थांबावे, पुष्कळदा त्या थांबण्यातच काहीतरी मार्ग निघतो. चावण्याचा प्रसंग आला, तर मात्र ताबडतोब मध्ये पडावे, चावा बसला त्यास आधी जवळ घ्यावे आणि चावणाऱ्यास थोडक्यात व शांतपणे सांगावे, की दुखते, चावावयाचे नाही. उलट चावून दाखविणे किंवा सर्वांदेखत हसून तो किस्सा सांगणे, ही दोन्ही टाळावीत. एक ते तीन ह्या वयात चावणे पुष्कळ मुलांत दिसते. शब्द वाढले की ते बहुधा कमी होते.

सांगलीच्या भगिनींनी आरंभ असा करून पाहावा. चार मुले बोलावू नयेत. एकच बोलवावे, आणि आठवड्यातून ठरल्या वारी तेच बोलवावे. झोप आणि खाणे झालेले असावे. तासाभराहून अधिक वेळ ओढू नये. रडारड होण्याआधी, खेळ रंगात असतानाच आवरावे. ज्या दोन-तीन वस्तूंवर मुलाचा जीव आहे, त्या त्यासच विचारून आधी कपाटात ठेवाव्यात : "ह्या आज कोणाला द्यायच्या नाहीत ना? मग आत ठेवू." बाकी खेळास वाळू, पाणी, कणकेचा गोळा, रिकामे डबे, अशा ज्यांची वाटणी करावी लागत नाही त्या वस्तू उत्तम. मॉन्टेसोरीबाईंच्या शाळांत प्रत्येक साधन मुद्दाम एकच ठेवीत, म्हणजे मुलास आपल्या पाळीची वाट पाहावयास शिकता येई. आणि ते तीन वर्षांपुढील मुलांस योग्यही आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आम्ही मात्र बाईंची क्षमा मागून म्हणू, की वाट्या दोन असाव्यात, आणि एका रंगाच्या असाव्यात. दोघांच्या मध्ये मोबाइल ठेवून शांतता विकत घेऊ नये, हे निराळे सांगावयास नको; जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांस पडदा नकोच आणि दोन वर्षांच्या मुलास दिवसाकाठी तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे.

काही मुले उपजतच बिचकणारी असतात. हार्वर्ड विद्यापीठात जेरोम केगन ह्यांनी चार महिन्यांच्या तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा मुले नवे आवाज व नव्या वस्तू ह्यांनी हातपाय झाडून रडू लागली, आणि त्यातली पुष्कळ पुढे दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसांपुढे आक्रसलेली दिसली. हा आईचा दोष नव्हे, आणि मुलाचाही नव्हे. अशा मुलास 'लाजरा आहे हो' असे चारचौघांत म्हणू नये. ते तो ऐकतो आणि त्याप्रमाणे वागतो. आईच्या मांडीवरून तो खेळ नुसता पाहत असेल, तर पाहू द्यावा. पाहणे हीही हजेरीच आहे. मुंजीत, हळदीकुंकवाला त्यास हातोहात फिरविणे, गालगुच्चे घेणे, "पापी दे, मग सोडते" असे म्हणणे, ह्याने तो धीट होत नाही. त्याच्या हाती काही काम द्यावे. आमच्या एका भाचेसुनेने संक्रांतीला आपल्या लाजऱ्या मुलीच्या हाती तिळगुळाची वाटी दिली. मुलगी एक शब्द न बोलता सतरा बायकांपुढे जाऊन आली.

बालवाडीचा प्रश्न राहिला. गिजुभाई बधेका ह्यांचे भावनगरचे बालमंदिर १९२० मध्ये निघाले, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. बक्षिसाशिवाय आणि शिक्षेशिवाय मुले एकमेकांत किती सुखाने वागतात, हे ह्या मंडळींनी आपणांस दाखवून दिले. ह्या कामाविषयी आम्हांस आदर आहे, आणि तीन वर्षांपुढे बालवाडी अवश्य असावी. परंतु सव्वादोन वर्षांच्या, आजोबांच्या खांद्यावरच्या मुलास एकदम पंचवीस मुलांत नेऊन सोडणे म्हणजे पोहावयास शिकविण्यासाठी कृष्णेच्या पुरात ढकलणे होय. त्यास तूर्त पंचवीस नकोत, एकच हवा.

आणि तो एक कोठून आणावा, असा प्रश्न ज्यांस पडतो, त्यांना आमच्या घरचे सांगतो. गेल्या वर्षी आमच्या धाकट्या नातीसाठी आम्हीही सवंगडी शोधीत होतो. ह्यांची मुलगी मोठी, त्यांचा मुलगा मोबाइलवर, अमक्यांचे बोलणे बरे नाही, असा शोध चालला होता. आणि रोज सकाळी भांडी घासावयास येणाऱ्या मावशी आपली सव्वादोन वर्षांची मुलगी बरोबर आणून मागच्या पायरीवर बसवीत होत्या. ती आम्हांस तीन महिने दिसली नाही. नातीस मात्र पहिल्या आठवड्यातच दिसली होती. ती दाराशी उभी राहून तिच्याकडे पाहत असे आणि आम्ही तिला आत बोलावीत असू.

शेवटी सूनबाईंनी पायरीवर एक जुने पातेले आणि एक पळी ठेवली. मावशींच्या मुलीने पळी उचलली आणि पातेल्यावर वाजविली. आमच्या नातीस अर्थात तीच पळी हवी झाली. तिने हात पुढे केला. ती मुलगी देईना. नातीने आमच्याकडे पाहिले, आम्ही हललो नाही, तेव्हा तिने टाहो फोडला. मावशी राखाडी साबणाच्या हातांनी धावत आल्या आणि आपल्या मुलीच्या हातून पळी काढून घेऊ लागल्या. "दे, दे ताईला," असे त्या म्हणत होत्या. ताई त्यांच्या मुलीहून महिनाभराने लहान होती. सूनबाईंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या, मावशी. तिच्या हातात आहे ना, तिची आहे."

मावशींस ते पटले असे दिसले नाही. त्या तशाच ओल्या हातांनी उभ्या राहिल्या. आम्हांसही नातीचे रडणे ऐकवत नव्हते. ते बराच वेळ चालले. मग ती एकाएकी थांबली, आत गेली, आणि भाताचा मोठा डाव घेऊन बाहेर आली. पायरीवर त्या मुलीच्या शेजारी, तिच्याकडे न पाहता बसली आणि त्याच पातेल्यावर दुसऱ्या बाजूने वाजवू लागली.